अकरावीच्या वर्गात निळा लांडगा

एनसीईआरटीच्या अकरावीच्या जागतिक इतिहासाच्या पुस्तकात भटक्या साम्राज्यांवर एक आख्खा धडा आहे, तो मंगोलांचा. १२०६ची कुरुलताई म्हणजे टोळीप्रमुखांची सभा, १२१९ला मध्य आशियातल्या ख्वारज्मवर स्वारी, १२२७ला चंगीझ खानाचा मृत्यू, १२५८ला बगदादचा पाडाव. दहा, शंभर, हजार, दहा हजार अशा पटींत बांधलेलं सैन्य, घोड्यांच्या टप्प्यांवर चालणारी डाक, मुलांना वाटून दिलेले मुलूख. धडा मेहनतीने लिहिलेला आहे. तरीही तो शिकवून झाल्यावर मुलांच्या डोक्यात मंगोल म्हणजे लांबून उठलेली घोड्यांची धूळ एवढंच राहायचं. ती माणसं काय खात, कशावर झोपत, कोणाला भीत, घरात कशावरून भांडत, यातलं काही कोणाला सांगता यायचं नाही. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत हा धडा शिकवताना मला ते सतत खुपत होतं. म्हणून एका वर्षी धड्याच्या जोडीला कादंबरी वाचायची असं ठरवलं.

कादंबरी निवडायला वेळ लागला. चंगीझ खानावर जगभर भरपूर लिहिलं गेलंय, पण बहुतेक ठिकाणी लढायांचाच भर. शेवटी यासुशी इनोउए या जपानी लेखकाची 'निळा लांडगा' घेतली. मूळ जपानी पुस्तक १९६०च्या सुमाराचं, इंग्रजी अनुवाद २००८चा. निवडीमागचं कारण साधं होतं. इनोउए यांनी कादंबरी बेतली ती प्रामुख्याने 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या तेराव्या शतकातल्या ग्रंथावर, आणि त्या ग्रंथाचा इगोर दे राखेविल्ट्झ यांनी केलेला इंग्रजी अनुवाद, टिपा कमी केलेल्या रूपात, आज इंटरनेटवर मोफत मिळतो. म्हणजे कादंबरीचं पान आणि तिच्या मागचं साधन, म्हणजे तिला आधार असलेला मूळ ग्रंथ, दोन्ही वर्गात शेजारीशेजारी ठेवता येणार होतं. मला तेच हवं होतं.

वर्गाचं माध्यम इंग्रजी, बोलणं मराठीत. मी निवडलेले उतारे मोठ्याने वाचायचे, मध्ये थांबून मराठीत सांगायचे. पालकसभेत प्रश्न आलाच: "कादंबरी वाचून परीक्षेत काय मिळणार?" मी सांगितलं की धडा पूर्ण होईलच, आणि तो झालाही. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न वर्गातून आला. पहिल्याच उताऱ्यानंतर एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण ऐतिहासिक कादंबरीत खरंच लिहिलेलं असतं ना?"

या प्रश्नाला आपल्याकडे फार वजन आहे. मराठी घरांमध्ये ऐतिहासिक कादंबरी आणि इतिहास एकाच फळीवर ठेवलेले असतात. कादंबरीतले संवाद लोकांना पाठ असतात आणि ते पुरावा म्हणून सांगितले जातात. ज्या भाषेत इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८पासून गावोगाव हिंडून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंडच्या खंड छापले, त्या भाषेतल्या मुलांना साधन म्हणजे काय हे शाळेत कोणी दाखवत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. त्या मुलीला मी लगेच उत्तर दिलं नाही. सगळ्यांना वहीच्या पानाचे तीन भाग करायला सांगितले. पहिल्यात कादंबरीत काय आहे, दुसऱ्यात साधनात काय आहे, तिसऱ्यात दोन्हीकडे नाही पण मला जाणून घ्यायचं आहे ते. पुढचे काही आठवडे आम्ही या वहीवरच चाललो.

सुरुवात मात्र घरापासून केली. बाकं भिंतीला लावून फरशीवर खडूने गेरचा, म्हणजे त्या गोल तंबूचा, मोठा नकाशा काढला. दार दक्षिणेला. मध्ये चूल. दारासमोर, उत्तरेला, मानाची जागा. आत शिरल्यावर डावी म्हणजे पश्चिमेची बाजू पुरुषांची, तिथे खोगीर आणि शस्त्रं. उजवी, पूर्वेची, बायकांची, तिथे भांडी आणि दुधाचं सामान. मग कोण कुठे बसेल ते मुलांनी बसून दाखवायचं. पाहुणा, थोरली बायको, धाकटा मुलगा. आणि एक नियम: उंबऱ्यावर पाय पडता कामा नये. १२५४ मध्ये फ्रान्सच्या राजाकडून पत्र घेऊन गेलेला विल्यम ऑफ रुब्रुक हा ख्रिस्ती साधू चंगीझ खानाचा नातू मोंगके खान याच्या दरबारात होता. निघताना त्याच्या सोबत्याचा पाय उंबऱ्याला लागला, तर त्याला पकडून चौकशी झाली आणि नंतर खानासमोर यायची बंदी झाली. मुलं हसली नाहीत. "आमची आजीपण उंबऱ्यावर उभं राहू देत नाही," असं तीन-चार जण एकदम म्हणाले.

तंबू नमद्याचा असतो असं मी म्हटलं, तेव्हा पुस्तकी माहिती संपली आणि खरी सुरू झाली. वर्गात आटपाडीकडचा एक मुलगा होता, एरवी शेवटच्या बाकावर गप्प बसणारा. दुसऱ्या दिवशी तो घरून जेन घेऊन आला. आपल्याकडे घोंगडी विणतात, पण जेन विणत नाहीत. लोकर पिंजून थरावर थर पसरायची, पाणी मारायचं, गुंडाळून दाबत, मळत राहायचं, मग धागे एकमेकांत घट्ट अडकतात. मंगोलांचा नमदा याच तत्त्वावर बनतो. सगळ्यांनी त्या जेनवर हात फिरवला, पाण्याचे थेंब टाकून पाहिले.

त्या मुलाचे आजोबा अजून दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात. भटकं जगणं म्हणजे वाट फुटेल तिकडे जाणं नव्हे, हे पटवायला मला एरवी निम्मा तास लागला असता. त्याने ते चार वाक्यांत सांगितलं. वाट ठरलेली असते, थांबे ठरलेले असतात, कोणाच्या रानात मेंढरं बसवायची तेही ठरलेलं असतं, आणि शेतकऱ्याशी देणंघेणं केल्याशिवाय वर्ष निघत नाही. धड्यात हेच लिहिलं आहे: गवताळ मुलखातली माणसं घोडे आणि कातडी-फर देऊन चीनकडून धान्य आणि लोखंडाच्या वस्तू घ्यायची, आणि हा व्यापार अडला की तंटे व्हायचे. ते वाक्य मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं असं मला वाटतं. मंगोलांची पाच जनावरं म्हणजे घोडा, मेंढी, बकरी, उंट आणि गाय-याक. त्यातली बकरी मेंढ्यांच्या कळपात कशाला, यावर त्याने आणखी बराच वेळ सांगितलं, आणि मी मागच्या बाकावर बसून ऐकलं.

मग आम्ही माणसांकडे वळलो.

इनोउए यांच्या कादंबरीचा कणा एक शंका आहे. तेमुजिनची, म्हणजे पुढच्या चंगीझ खानाची, आई होएलुन ही मुळात मर्किट टोळीतल्या चिलेदूची बायको. लग्न करून नेत असताना मंगोल सरदार येसुगेईने भावांना घेऊन तिला पळवून आणलं. तेव्हा आपण नक्की येसुगेईचे की मर्किटाचे, ही शंका कादंबरीतल्या तेमुजिनला लहानपणापासून पोखरते. मंगोलांचा मूळपुरुष निळसर करडा लांडगा आणि मूळमाता फिकट हरिणी, अशी त्यांची वंशकथा. आपल्या अंगात त्या लांडग्याचं रक्त आहे हे सिद्ध करायला तो आयुष्यभर मुलूख जिंकत जातो. पुढे त्याचीच बायको बोर्ते मर्किटांच्या हाती लागते, परत आणल्यावर जोचीचा जन्म होतो, आणि बापाची शंका मुलापर्यंत पोचते.

वर्ग यात पार बुडाला. सोळा वर्षांच्या मुलांना 'मी कोण' हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. दोन दिवस मी त्यांना तसंच राहू दिलं, मग 'गुप्त इतिहास' उघडला.

हा ग्रंथ आपल्या बखरींच्या जातीचा आहे. गद्यात मध्येच पद्य, दैवी संकेत, घराण्याचा अभिमान, आणि त्या अभिमानाला न शोभणाऱ्या गोष्टीही मोकळेपणाने सांगून टाकलेल्या. शेवटी लिहिलंय की केरुलेन नदीकाठी कुरुलताई भरली होती तेव्हा, उंदराच्या वर्षी, लिहून पुरा केला. उंदराचं वर्ष दर बारा वर्षांनी येतं, त्यामुळे ते १२२८ की १२४० की १२५२ यावर अभ्यासक अजून भांडतात. मूळ मंगोल लिपीतली पोथी उरली नाही. पुढे मिंग काळात चिनी दुभाष्यांना मंगोल भाषा शिकवण्यासाठी ती चिनी अक्षरांत उच्चारांनुसार उतरवली गेली, म्हणून २८२ परिच्छेदांचा हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला. इतिहास शिकवण्यासाठी नव्हे, भाषा शिकवण्यासाठी तो जपला गेला, हे कळल्यावर वर्गातल्या एकाने स्वतःहून ते तिसऱ्या रकान्यात लिहून ठेवलं.

मुलांना गटांत परिच्छेद वाटून दिले आणि शोधायला सांगितलं: तेमुजिनला स्वतःच्या जन्माबद्दल शंका होती असं कुठे आहे? त्यांनी शोधलं. नाही सापडलं. होएलुनला पळवल्याचं आहे, आणि फार सुंदर आहे. ती नवऱ्याला सांगते, जीव वाचव, पळ, बायको तुला दुसरीही मिळेल. आणि वासाची आठवण म्हणून अंगातला सदरा काढून त्याला देते. मग ती इतकी रडते की ओनोन नदीवर लाटा उठतात. तेमुजिन मुठीत रक्ताची गुठळी धरून जन्माला आला, तेही आहे. शंकेचा शब्द मात्र त्याच्या स्वतःच्या बाबतीत कुठेच नाही. "म्हणजे लेखकाने खोटं लिहिलं," असं एक जण रागाने म्हणाला. प्रश्न विचारणारी ती मुलगी गप्प होती.

त्याच शोधात एका गटाला दुसरंच काही मिळालं. तेमुजिन नऊ वर्षांचा असताना येसुगेई त्याला सोयरीक ठरवून देई सेचेनकडे ठेवून जातो, तेव्हा बाप व्याह्याला विनवतो: माझा मुलगा कुत्र्यांना भितो, त्याला कुत्र्यांनी घाबरवू देऊ नका. हे वाचताना वर्गाचा आवाजच बदलला. जग जिंकणारा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या घराण्याच्या ग्रंथात लिहून ठेवलंय की तो कुत्र्यांना भ्यायचा! त्यातल्या एकीने मग लांडगा किती वेळा येतो ते पाहायचं ठरवलं. वंशकथेत पहिल्याच ओळीत आहे. पण पुढे जिथे चंगीझ खानाच्या चार खंद्या सरदारांचं, जेबे, खुबिलाई, जेल्मे आणि सुबेतेई यांचं, वर्णन येतं, तिथे त्यांना लांडगे म्हटलेलं नाही. कुत्रे म्हटलंय: पितळेच्या कपाळाचे, छिन्नीसारख्या तोंडाचे, माणसाच्या मांसावर पोसलेले, साखळ्या सुटलेले. हे बोलतो जमुखा, तेमुजिनचा बालपणीचा आणाभाकांचा भाऊ आणि पुढचा वैरी, तेही तेमुजिनच्याच दुसऱ्या एका शत्रूला धडकी भरवायला. ती मुलगी फळ्यापाशी येऊन म्हणाली, "लांडगा कादंबरीत मोठा आहे. इथे कुत्रे मोठे आहेत."

तेव्हा मी त्यांना सांगितलं की हाच वाद जपानमध्ये मोठ्या माणसांनी घातला आहे. १९६१ मध्ये शोहेई ओओका या कादंबरीकाराने 'निळा लांडगा' ही ऐतिहासिक कादंबरी आहे का, असा थेट सवाल करणारा लेख लिहिला. इनोउए यांनी लांडग्याची जी कल्पना कादंबरीभर खेळवली आहे, ती साधनाला धरून नाही, असा त्यांचा आक्षेप. इनोउए यांनी उत्तर दिलं. या माणसाची जिंकण्याची न संपणारी भूक आली कुठून, त्या गूढाचा त्यांना शोध घ्यायचा होता. साधन ते सांगत नाही, म्हणून कादंबरीकाराला तिथे शिरावं लागलं.

वर्गाचे दोन भाग केले, एक ओओकांचा, एक इनोउएंचा. घोषणा चालणार नाहीत, प्रत्येक मुद्द्याला परिच्छेदाचा क्रमांक द्यायचा, एवढीच अट. त्या तासाचा सगळ्यात चांगला मुद्दा त्या सुरुवातीच्या मुलीचा होता. ती इनोउएंच्या बाजूला होती. तिने परिच्छेद २५४ काढला. ख्वारज्मवर निघण्याआधी वारस कोण हा प्रश्न निघतो. चंगीझ खान जोचीला आधी बोलायला सांगतो, तर धाकटा चगताई उसळून म्हणतो, या मर्किटाच्या पोराने आमच्यावर राज्य करायचं? जोची त्याची गचांडी धरतो. कोको चोस नावाचा वडीलधारा मध्ये पडतो आणि चगताईला सुनावतो: तुम्ही जन्मण्याआधी आभाळातले तारे फिरत होते, सगळी माणसं एकमेकांवर उठली होती, कोणी अंथरुणाला पाठ टेकत नव्हतं, अशा काळात तुझ्या आईवर ते ओढवलं, तिचं मन दुखवू नकोस. मग चंगीझ खान इतकंच म्हणतो की जोची माझा थोरला मुलगा आहे, पुन्हा असं बोलू नका.

"बापाबद्दलची शंका लेखकाने बनवली," ती म्हणाली, "पण मुलाबद्दलची त्याला इथे मिळाली. ती त्याने एक पिढी मागे नेली."

मला कादंबरी वर्गात आणायची होती ती यासाठी. कादंबरी साधनापासून जिथे सुटते, तिथेच शिकवण्यासारखं सगळ्यात जास्त असतं. कादंबरीने तेमुजिनच्या मनात शंका घातली नसती, तर अकरावीतल्या कोणी मुलाने तेराव्या शतकातल्या ग्रंथाचे परिच्छेद त्या शंकेसाठी चाळले नसते. आणि चाळले नसते तर होएलुनचा सदरा, कुत्र्यांची भीती, कोको चोसचं ते विलक्षण भाषण, यातलं काहीच त्यांच्या हाती लागलं नसतं.

पण या कादंबरीत आणि 'गुप्त इतिहासा'त आपण सतत मंगोलांच्या तंबूत बसलेलो असतो. तटाच्या आत कोण होतं, ते तिथून दिसत नाही. म्हणून इथे कादंबरी बंद करून मी पर्शियन आणि अरबी इतिहासकार काढले. मोसुलचा इब्न अल-अथीर लिहितो की मंगोलांच्या स्वारीबद्दल लिहायचं तो काही वर्षं टाळत राहिला, आईने आपल्याला जन्मच दिला नसता तर बरं, असं त्याला वाटलं. जुवैनीची गोष्ट आणखी अवघड. तो मंगोलांच्याच चाकरीत होता, पुढे चंगीझ खानाचा नातू हुलागू याने त्याला बगदादचा कारभार दिला, आणि तरी त्याने खुरासानातल्या शहरांचं काय झालं ते लिहून ठेवलं. १२२० मध्ये बुखारा पडल्यावर तिथून निसटलेल्या एकाला लोकांनी विचारलं, काय झालं? त्याचं उत्तर जुवैनीने नोंदवलंय: आले, खणलं, जाळलं, मारलं, लुटलं, गेले.

आकड्यांचा तासही इथेच घेतला. मर्व शहरात तेरा लाख माणसं मारली गेली असं जुवैनी सांगतो, कारण प्रेतं मोजायला बसलेल्या सय्यदाला तेरा दिवसरात्री लागल्या. धड्यात त्याचा हिशेब दिलाय: रोज एक लाख. मुलांनी कॅल्क्युलेटर काढले. दिवसाचे चोवीस तास न थांबता मोजलं तरी मिनिटाला एकोणसत्तरहून जास्त. मध्ययुगात एवढी वस्ती एका शहरात मावेल का, असंही एकाने विचारलं, आणि गावोगावचे निर्वासित आत आले होते हा मुद्दा दुसऱ्याने काढला. आकडा टिकत नाही, हे सगळ्यांना दिसलं. मग मी विचारलं की आकडा खोटा ठरला म्हणून कत्तल खोटी ठरते का. त्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी आटपाडीचा तो मुलगा म्हणाला, ज्याने मोजायला सुरुवात केली त्याला मोजता येईनासं झालं, एवढं तर खरं आहे. मला याहून चांगलं उत्तर देता आलं नसतं.

शेवटचा गृहपाठ एका पानाचा होता. त्या काळातलं कोणतंही माणूस घ्या, त्याच्या तोंडून एक प्रसंग लिहा, आणि समासात प्रत्येक गोष्टीपुढे लिहा की ती साधनातली की तुमची. बहुतेकांनी योद्धे घेतले नाहीत, याचा मला फार आनंद झाला. एकाने चिलेदू घेतला, सदरा छातीशी धरून सात टेकड्या ओलांडणारा. एकीने सोरखोखतानी बेकी घेतली, चंगीझ खानाची सून, मोंगके, खुबिलाई (तो सरदार नव्हे, त्याच नावाचा नातू), हुलागू आणि अरिक बोके यांची आई, नवऱ्यामागे चार मुलांना वाढवताना. एकाने मर्वमधला तो मोजणारा सय्यद घेतला. समासातल्या नोंदी इतक्या प्रामाणिक होत्या की काही पानांवर मूळ मजकुरापेक्षा समासच भरलेला होता. अशी पानं मी आधी वाचली.

वर्ष संपताना त्या मुलीने आणखी एक प्रश्न आणला. १२२१ मध्ये ख्वारज्मच्या सुलतानाचा मुलगा जलालुद्दीन सिंधूत घोडा घालून अलीकडे आला, मंगोल काठावर थांबले, हे धड्यात आहे. मग त्या बाजूने पळून हिंदुस्थानात आलेल्या कोणी काही लिहिलंय का? लिहिलंय. मिन्हाज-ए-सिराज जुझजानी आजच्या अफगाणिस्तानातल्या घूरच्या मुलखात तूलक किल्ल्यावर मंगोलांशी लढलेल्यांपैकी होता. १२२७ मध्ये तो उच शहरात आला, पुढे दिल्लीत काझी झाला, आणि १२६०च्या सुमारास त्याने 'तबकात-ए-नासिरी' पुरा केला. रॅव्हर्टीचा जुना इंग्रजी अनुवाद इंटरनेटवर आहे. यंदा धडा त्याच्यापासून सुरू करायचा आणि कादंबरी नंतर आणायची, असं ठरवलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यातले मंगोलांवरचे उतारे मी मराठीत उतरवून काढतेय, आणि ती मुलगी आता बारावीत असूनही दर रविवारी दोन पानं स्वतः करून पाठवते.